न बोलणाऱ्या मुलाची दाढ दुखते आणि दवाखाने परत पाठवतात : सरकारी वाट कशी धरायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगा १५ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही, फिटच्या गोळ्या चालू आहेत. तीन आठवड्यांपासून उजव्या गालावर स्वतःच्या हाताने मारून घेतो, रात्री झोपत नाही, भाकरी सोडून नुसता वरणभात गिळतो. तालुक्याच्या गावी दोन खासगी दवाखान्यांनी ‘हा तोंडच उघडत नाही, आमच्याकडे होणार नाही’ म्हणून परत पाठवलं. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाने पूर्ण भूल देऊन करायचा जो खर्च सांगितला, तो तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या आहात आणि विचारताय की सरकारी दवाखान्यात अशा मुलाच्या दातांचं काही होतं का, आणि होत असेल तर जायचं कुठे.

होतं. मी बालदंतरोगतज्ज्ञ आहे, माझी बरीचशी वर्षं सरकारी रुग्णालयांत गेली, आणि तुमच्या मुलासारखी मुलं पूर्ण भूल देऊन बरी करून घरी पाठवली आहेत. पण ‘सरकारी दवाखान्यात जा’ एवढं सांगून तुम्हाला पाठवलं, तर तुम्ही तिथूनही परत याल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा. गालाची सूज डोळ्याच्या खालपर्यंत किंवा जबड्याखाली मानेकडे उतरली असेल, ताप असेल, तोंड उघडेनासं झालं असेल, लाळही गिळता येत नसेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात जा. दाढेचा पू मानेत उतरला की श्वासाची वाट अडू शकते. अशा वेळी दंतविभाग उघडा आहे का हे बघायचं नसतं. आधी शिरेतून औषध सुरू व्हायला हवं.

सूज नसेल तर तुमच्याकडे थोडा वेळ आहे, आणि तो नीट वापरायला हवा. मुलगा गालावर मारून घेतो याला तुम्हाला कुणीतरी ‘वागणुकीतला बदल’ म्हटलं असेल, गोळीचा डोस वाढवू असंही सुचवलं असेल. न बोलणाऱ्या मुलाने अचानक एकाच बाजूला मारून घ्यायला सुरुवात केली, एकाच बाजूने चावायला लागला, गार पाणी नाकारायला लागला, सारखं बोट किंवा शर्टाची बाही तोंडात घालायला लागला, तर आधी दात आणि कान बघायचे असतात. तुम्ही दाढेपर्यंत पोचलात, ते बरोबर केलंत.

आता मूळ अडचण कुठे आहे ते सांगतो, कारण ती कळली की तुम्हाला कुठल्या खिडकीवर काय मागायचं ते कळेल. सरकारी व्यवस्थेत तुमच्या मुलाला लागणाऱ्या दोन गोष्टी आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्या एका छताखाली नाहीत. दातांची खुर्ची आणि डेंटल सर्जन एकीकडे, ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ दुसरीकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत अनेक ठिकाणी डेंटल सर्जन असतात, पण रोज येणारा भूलतज्ज्ञ असेलच असं नाही. सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, दोघेही असतात, पण भूलतज्ज्ञांचा दिवस सिझेरियन, हर्निया, अपघात यांतच जातो. दातांसाठी थिएटर मागायची सवयच तिथे कुणाला नसते. दंत महाविद्यालयात दातांचं सगळं असतं, पण भुलेसाठी शेजारच्या मेडिकल कॉलेजकडे यादी पाठवावी लागते. म्हणून प्रत्येक जण प्रामाणिकपणे म्हणतो, ‘आमच्याकडे नाही’. हे दोन तुकडे जोडून देणं खरं तर आम्हा डॉक्टरांचं काम. ते आपोआप होत नाही, तोवर आईबापांना ते मागावं लागतं, हे मला मनापासून खटकतं.

त्यात आणखी एक बारकावा आहे, जो बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. सिव्हिलच्या थिएटरमध्ये भूल देता येते, पण दात कोरायचं मशीन तिथे नसतं. ते खाली ओपीडीत खुर्चीला जोडलेलं असतं. पोर्टेबल डेंटल युनिट असेल तरच थिएटरमध्ये दात भरणं, रूट कॅनॉल, कॅप वगैरे करता येतं. ते नसेल तर पक्कड घेऊन दात काढणं एवढंच उरतं. म्हणजे तुमच्या १५ वर्षांच्या मुलाची कायमची दाढ, जी कदाचित वाचली असती, ती केवळ मशीन वर नेता येत नाही म्हणून काढली जाऊ शकते. त्यामुळे सिव्हिलमध्ये डेंटल सर्जनना थेट विचारा : ‘पूर्ण भुलेत तुम्ही फक्त दात काढता, की भरताही?’ उत्तर ‘फक्त काढतो’ असं आलं, आणि किडलेले दात एकाहून जास्त असतील, तर दंत महाविद्यालयाची चिठ्ठी मागा. एकच दाढ पार संपलेली असेल तर सिव्हिल पुरेसं आहे. तिथेच करून घ्या, उगाच लांब पळू नका.

तुमच्यासाठी ठिकाणं अशी. पहिलं, बीडचं जिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट तपासण्या आणि उपचार मोफत केले आहेत. दुसरं, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तुम्ही परळी, केज, धारूर भागातल्या असाल तर हे जवळचं. मेडिकल कॉलेजात दंतविभाग आणि भूलशास्त्र विभाग एकाच आवारात असतात, हा मोठा फायदा. तिसरं, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय. ते घाटीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारातच आहे, म्हणजे दंत महाविद्यालय आणि मेडिकल कॉलेज हाकेच्या अंतरावर. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्या २०२३ च्या मोफत निर्णयाखाली येत नाहीत, तिथे थोडं शुल्क लागतं. पण ते खासगीच्या तुलनेत किरकोळ असतं आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर समाजसेवा अधीक्षकांकडून सवलत मागता येते. हे वाचणारे इतर भागांतले पालक असतील तर : मुंबईत फोर्टला शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपुरात मेडिकलजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, आणि गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय.

दंत महाविद्यालयात गेल्यावर साध्या ओपीडीच्या रांगेतून तुम्हाला बहुधा दात काढायच्या विभागात पाठवतील. तिथे थांबू नका. बालदंतरोग विभाग विचारा. सगळे त्याला ‘पीडो’ म्हणतात. विशेष गरजा असलेल्या मुलांचं काम हा या शाखेच्या शिक्षणाचाच भाग आहे. ‘मुलगा १५ वर्षांचा आहे, आमच्याकडे लहान मुलं येतात’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे सांगा की त्याचं वय १५ असलं तरी खुर्चीवर बसण्याची तयारी चार वर्षांच्या मुलाएवढी आहे, एकदा विभागप्रमुखांना भेटू द्या. बहुतेक जण घेतात.

वयावरून आणखी एक गोष्ट, आणि ही घाईची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली, तो ० ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. शाळेत आणि अंगणवाडीत येणारं तपासणी पथक याच कार्यक्रमाचं. दातांची कीड त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे, आणि सापडलेल्या मुलाला पुढच्या उपचारासाठी पाठवणं हे त्यांचं कामच आहे. त्यांच्या चिठ्ठीवर मुलगा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत गेला, तर रुग्णालयातला पुढचा पाठपुरावा कुणा एका माणसाच्या वहीत नोंदला जातो. हे फार उपयोगाचं असतं, कारण थिएटरची तारीख हुकली की तुम्हाला फोन करणारं कुणी तरी असतं. मुलगा शाळेत जात नसेल तरी ग्रामीण रुग्णालयात या पथकाचे डॉक्टर कधी बसतात ते विचारून त्यांना भेटा. तुमच्या हातात तीन वर्षं आहेत. १८ नंतर हा दरवाजा बंद होतो, पीडो विभागही हात आखडता घेतो, आणि मोठ्या रुग्णालयातही ‘हा कुणाचा पेशंट’ हा प्रश्न सुरू होतो. माझ्याकडे चाळिशीतली डाऊन सिंड्रोमची माणसं वृद्ध आईचा हात धरून येतात तेव्हा हिरड्या इतक्या गेलेल्या असतात की दात बोटाने हलतात. ती सगळी एके काळी कुणाच्या तरी विभागात नियमित येणारी मुलं होती.

कायदा तुमच्या बाजूला आहे, तो पिशवीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २५ मध्ये दिव्यांग व्यक्तीला तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. म्हणजे ‘आम्हाला आधी घ्या’ ही तुम्ही केलेली मेहेरबानीची मागणी नाही. पण एक अनुभवाचं सांगतो : पहिल्याच खिडकीवर कलम काढू नका. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, दाखवा आणि सरळ सांगा, ‘याला गर्दी सहन होत नाही, लवकर बघितलंत तर उपकार होतील.’ दहापैकी आठ वेळा शिपाईमामाच तुम्हाला आत सोडतील. ते नाही झालं, तारखांवर तारखा पडायला लागल्या, तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या किंवा कॉलेजच्या अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावाने एक पानी अर्ज लिहा. त्यात कलम २५ चा उल्लेख करा, आतापर्यंतच्या फेऱ्यांच्या तारखा घाला आणि आवक-जावकमध्ये देऊन पोच घ्या. पोच हातात असलेला अर्ज सहसा पडून राहत नाही. त्यानेही हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले योजनेचा भर मोठ्या आजारांवर आणि शस्त्रक्रियांवर आहे. दात भरणं, कॅप यांसाठी तिच्यावर विसंबू नका, पण रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला एकदा विचारून घ्या. त्याहून कामाची राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी ती आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. ओपीडी, थेरपी, प्रवास यांबरोबर दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही त्यात समावेश आहे. आधी खर्च करून मग बिलं पाठवायची असतात, म्हणून औषधाच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा टाकू नका.

आता प्रत्यक्ष जायची तयारी. सिव्हिलमध्ये ज्या वारी दिव्यांग प्रमाणपत्राचं बोर्ड बसतं तो वार आधी विचारा आणि टाळा. त्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. सोमवारही टाळा. पहिल्या फेरीला शक्य असेल तर मुलाला नेऊच नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण तुम्ही दोघांपैकी एकाने नुसता त्याचा व्हिडिओ घेऊन जा. मूल हसतं, जांभई देतं, ओरडतं, तेव्हा मोबाईलचा टॉर्च लावून दोन-तीन दिवस छोटे छोटे व्हिडिओ काढा. एका आईने असा नऊ सेकंदांचा व्हिडिओ आणला होता. मुलगा झोपाळ्यावर मान मागे टाकून खदखदून हसत होता, आणि त्यातल्या दोन सेकंदांत खालच्या डाव्या दाढेतला काळा खड्डा आणि हिरडीवरची पुवाची पुटकुळी मला स्वच्छ दिसली. त्याला हात न लावता त्याची थिएटरची यादी मी त्या दिवशी लिहिली.

सोबत एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून न्या : वजन, सगळ्या गोळ्यांची नावं आणि वेळा, शेवटची फिट कधी आली, हृदयाचा काही दोष सांगितला आहे का, आधी कधी भूल दिली होती का, कशाची ॲलर्जी, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो. प्रत्येक ओळीला कारण आहे. फिटसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून दात काढण्याआधी रक्त तपासावं लागतं. फेनिटॉइन असेल तर हिरड्या वाढून दातांवर चढतात. आईबापांना वाटतं दातच बारीक आहेत. हृदयाच्या काही ठरावीक दोषांत दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस द्यावा लागतो. आणि फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, भुलेच्या दिवशीसुद्धा. ती घोटभर पाण्याबरोबर द्यायची की कशी, ते भूलतज्ज्ञ सांगतील.

भुलेआधीची तपासणी, म्हणजे पीएसी, ही वेगळी फेरी असते : रक्त, छातीचा एक्स-रे, गरज वाटली तर हृदयाची तपासणी. भुलेच्या दिवशी हलकं खाणंसुद्धा सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आणि तिथे जे सांगतील ते शेवटचं. इथे बरेच घोळ होतात. आजी प्रेमाने बिस्किट देते, आणि आठ महिने वाट बघून मिळालेली तारीख जाते. घरातल्या सगळ्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा. डॉक्टरांना आणखी एक विनंती करा : एकदा भूल दिलीच आहे तर सगळ्या तोंडाचं काम त्याच वेळी करा, कान किंवा रक्ताची राहिलेली तपासणीही उरकून घ्या. दुखणारी एक दाढ काढून मुलाला उठवलं आणि वर्षाने पुन्हा भूल, असं नको.

पूर्ण भूल हाच एक मार्ग आहे असं मात्र समजू नका. कीड वरवरची असेल तर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध कापसाने दातावर लावता येतं. सुई नाही, मशीनचा आवाज नाही, मिनिटाभराचं काम. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी माहीत असू द्या, पण कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. काही दातांत हाताच्या हत्यारांनी मऊ कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरता येतं, तेही मशीनशिवाय. मज्जेपर्यंत गेलेल्या दुखऱ्या दाढेला याचा उपयोग नाही. बाकीच्या दातांना आहे.

धरून-बांधून करण्याबद्दल. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका नऊ वर्षांच्या मुलीला चौघांनी धरलं आणि मी दाढ काढली. सात मिनिटांत काम झालं, मला वाटलं मी तिला मदत केली. आठ महिन्यांनी तिची आई भेटली. मुलगी तेव्हापासून ब्रशही तोंडाजवळ येऊ देत नव्हती, आणि पांढरा कोट दिसला की तिची चड्डी ओली होत होती. ते माझ्या हातून झालं होतं. तेव्हापासून जीव धोक्यात असल्याशिवाय मी कुणालाही धरायला लावलेलं नाही. तुम्हाला कुणी म्हणालं, ‘दोन माणसं बोलवा, धरून उरकून टाकू’, तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

ज्या खासगी डॉक्टरांनी परत पाठवलं त्यांच्यावर राग धरू नका. खुर्चीत फिट आली, सुई हलली, तर त्यांच्याकडे सांभाळायला काही नसतं, ही भीती खरी आहे. चुकलं ते एवढंच, की परत पाठवताना त्यांनी पुढची चिठ्ठी दिली नाही. त्यांच्याकडे जाऊन तेवढी चिठ्ठी मागा : मुलाचं निदान, कुठली दाढ, ‘पूर्ण भुलेत उपचार आवश्यक’. अशी एक ओळ तुमच्या दोन फेऱ्या वाचवते.

तोवर दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून लिहून घेऊन. प्रतिजैविकं दुकानातून आणून देऊ नका. दाढेत तंबाखू, मशेरी किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबू नका, हिरडी भाजते. आणि जत्रेत, बाजारात दातातली कीड काढून तळहातावर दाखवणारे जे असतात, त्यांच्याकडे नेऊ नका. अशी अळी दातात नसतेच.

उपचार झाल्यावर खरं काम घरी आहे. जमिनीवर भिंतीला टेकून बसा, त्याचं डोकं मांडीवर घ्या आणि मागून, वरून ब्रश करा. तोंड दिसतं आणि तो मागे मान फेकत नाही. चूळ भरता येत नसेल तर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, जास्त नाही, उरलेला फेस फडक्याने पुसून घ्या. फेसाचा किंवा पुदिन्याचा त्रास होत असेल तर पेस्ट अगदी माखण्यापुरती घ्या, पण ब्रश चुकवू नका. आज वरचे दात, उद्या खालचे, असं सुरू झालं तरी चालेल. थेरपी सेंटरमध्ये आणि विशेष शाळेत प्रत्येक बरोबर उत्तराला चॉकलेट किंवा क्रीमचं बिस्किट बक्षीस देतात का ते बघा. दिवसाला वीस-वीस बक्षिसं मिळतात, आणि घास गालात धरून ठेवायची सवय असलेल्या मुलाच्या दाढा त्यातच जातात. तिथल्या शिक्षिकांना विनंती करून बक्षीस बदलून घ्या : फुटाणे चावता येत असतील तर ते, नाहीतर फुगा, झोपाळा, आवडतं गाणं.

दर तीन महिन्यांनी फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवरचा फ्लोराइडचा लेप, लावून घ्या. त्याला काही मिनिटं लागतात आणि ते ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकतं. त्याच डॉक्टरांकडे, त्याच खुर्चीवर जा. एक सतरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा दारातूनच परत गेला. दुसऱ्या खेपेला खुर्चीला हात लावला, तिसऱ्या खेपेला चपला घालून बसला, आम्ही काही केलं नाही. मग त्याने आरसा हातात धरला. मग मी त्याचे दात मोजायचे आणि त्याने दर आकड्याला माझ्या मनगटावर टिचकी मारायची असं ठरलं. सहाव्या खेपेला वार्निश झालं. त्या दिवशी अठ्ठावीस टिचक्या झाल्या होत्या.